जेट एअरवेज : वर जाणं आणि खाली येणं

पिंपरी-चिंचवडच्या माणसाला कंपनी बंद पडण्याचं फारसं अप्रूप नसतं. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर जिथे एके काळी सकाळचा भोंगा वाजायचा तिथे आता टॉवर उभे आहेत, आणि जुनी माणसं पत्ता सांगताना अजून बंद पडलेल्या कंपनीचंच नाव सांगतात. कंपनी जाते, नाव राहतं. पण १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून निघालेलं जेट एअरवेजचं विमान मुंबईला उतरलं आणि ते त्या कंपनीचं शेवटचं उड्डाण ठरलं, तेव्हा मात्र विमानाशी काडीचा संबंध नसलेल्या लोकांनाही चुटपुट लागली. २६ वर्षं चाललेली कंपनी. एके काळी देशातली पहिल्या नंबरची. बंद पडली तेव्हा हाताखाली वीस हजारांच्या आसपास माणसं.

आता तुम्ही म्हणाल, आयटीतल्या माणसाला हे उद्योग कशाला? दोन कारणं. एक म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणांचा पहिला विमानप्रवास याच कंपनीच्या काळात झाला. आणि दुसरं म्हणजे, "आपली कंपनी मोठी आहे, तिला काय होणार" हे वाक्य आपण सगळेच मनात कुठेतरी धरून असतो. जेटमधली माणसंही धरून होती. म्हणून ही गोष्ट नीट, पहिल्यापासून बघू.

भारतात विमानसेवा सुरू केली टाटांनी, १९३२ साली. कराचीहून टपाल घेऊन जेआरडी स्वतः जुहूला उतरले. १९५३ मध्ये एअर कॉर्पोरेशन्स कायदा आला आणि सगळ्या खाजगी विमान कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या. देशाबाहेर एअर इंडिया, देशात इंडियन एअरलाइन्स. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं हेच. आपल्या आकुर्डीच्या चेतक स्कूटरसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे ना, तसाच हा मामला. ग्राहकाने वस्तूचे आभार मानायचे, वस्तूने ग्राहकाचे नाही.

१९९० नंतर दार किलकिलं झालं. खाजगी कंपन्यांना 'हवाई टॅक्सी' म्हणून परवानगी मिळाली. म्हणजे विमान उडवा, पण वेळापत्रक छापू नका! १९९२ मध्ये ईस्ट वेस्ट, १९९३ मध्ये दमानिया, मोदीलुफ्त, जेट, अशी रांगच लागली. यातल्या ईस्ट वेस्ट, दमानिया आणि जेट या तिन्ही मुंबईच्या. १९९४ मध्ये जुना कायदा रद्द झाला, १९९५ मध्ये या कंपन्यांना रीतसर वेळापत्रकाची विमानसेवा म्हणून मान्यता मिळाली. आणि लगेच पडझडही सुरू झाली. ईस्ट वेस्टचे प्रमुख तकीउद्दीन वाहिद यांची नोव्हेंबर १९९५ मध्ये वांद्र्याला गोळ्या घालून हत्या झाली, पुढच्या वर्षी कंपनी बंद. दमानिया १९९५ मध्येच एनईपीसीने विकत घेतली, आणि दोन वर्षांत एनईपीसीही बसली. मोदीलुफ्त १९९६ मध्ये संपली. त्या पहिल्या लाटेतून दमदारपणे उभी राहिली ती जेट.

का उभी राहिली? हे समजायला मालकाकडे बघावं लागतं. नरेश गोयल हे मूळचे पंजाबातल्या संगरूरचे. १९६७ मध्ये दिल्लीत नातेवाइकाच्या ट्रॅव्हल एजन्सीत कामाला लागले. १९७४ मध्ये 'जेटएअर' नावाची स्वतःची एजन्सी काढली, जी परदेशी विमान कंपन्यांची तिकिटं भारतात विकायची. म्हणजे हा माणूस विमानातून आलेला नाही, तिकिटातून आलेला आहे. सीट कोण घेतो, किती दिवस आधी घेतो, कोणाच्या पैशाने घेतो, आणि एजंटला खूश कसं ठेवायचं, हे त्यांना वीस वर्षांच्या अनुभवाने पाठ होतं. बाकीच्यांनी आधी विमान आणलं आणि मग गिऱ्हाईक शोधलं. इथे गिऱ्हाईक आधीच ओळखीचं होतं.

५ मे १९९३ ला भाड्याने घेतलेल्या चार बोईंग ७३७ विमानांवर जेट सुरू झाली. सुरुवातीला गल्फ एअर आणि कुवेत एअरवेज यांचा प्रत्येकी २० टक्के हिस्सा होता. १९९७ मध्ये सरकारने धोरण बदललं, परदेशी विमान कंपन्यांना भारतीय कंपनीत हिस्सा ठेवायला मनाई केली, आणि गोयल यांनी तो हिस्सा विकत घेतला. याच धोरणामुळे टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्स यांची एकत्र कंपनी काढायची योजना बारगळली. सगळ्यात तगडा प्रतिस्पर्धी मैदानात उतरायच्या आधीच बाहेर. त्यानंतरची काही वर्षं म्हणजे जेटचं सुवर्णयुग. वेळेवर सुटणारी विमानं, गरम जेवण, हसतमुख कर्मचारी. सरकारी विमानाची सवय असलेल्यांना हा धक्काच होता. २००४ च्या सुमारास देशातल्या दर दहा विमान प्रवाशांपैकी चाराहून अधिक जेटचे होते.

आता जरा आपल्या बाजूला येऊ. जेटचं पोट भरायचं ते स्वतःच्या पैशाने उडणाऱ्या माणसावर नाही, कंपनीच्या पैशाने उडणाऱ्या माणसावर. भोसरी, चाकण, तळेगाव इथला परचेस मॅनेजर, दिल्ली-गुडगावच्या वाहन कंपनीकडे नमुने घेऊन जाणारा पार्ट सप्लायर, बंगलोर-चेन्नईला क्लायंटकडे जाणारा आयटीवाला. याची मीटिंग सकाळी अकराला, परत यायचं संध्याकाळी. तिकीट दोन दिवस आधी काढलेलं आणि बिल अकाउंट्सला. याला भाडं किती हे विचारायचंच नसतं. त्याला फक्त विमान वेळेवर हवं, आणि दोन-तीन वेळांचा पर्याय हवा. आपल्या पट्ट्याला तर स्वतःचा धड विमानतळ पण नाही. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ, तिथे नागरी विमानांना मिळेल तेवढ्या जागेत आणि वेळेत भागवायचं. चाकण-खेडच्या विमानतळाच्या गप्पा आपण कित्येक वर्षं ऐकल्या, जमिनींचे भाव वाढले, विरोध झाला, जागा बदलल्या, आणि २०१६ मध्ये विमानतळ पुरंदरला जाणार असं ठरलं. तरीही इथे महाग तिकिटाचं गिऱ्हाईक किती होतं याचा एकच पुरावा देतो. जुलै २००८ मध्ये लुफ्तान्साने पुणे-फ्रँकफर्ट विमान सुरू केलं, तेव्हा त्यातल्या सगळ्या सीट बिझनेस क्लासच्या होत्या. चाकणला जर्मन गाड्यांचे कारखाने येत होते ना!

या अशा गिऱ्हाइकावर जेट मोठी झाली. आणि २००५ च्या फेब्रुवारीत शेअर बाजारात उतरली तेव्हा ११०० रुपयांना एक शेअर विकला गेला. जवळपास १९०० कोटी उभे राहिले, आणि त्या भावाने कंपनीची किंमत होत होती साधारण साडेनऊ हजार कोटी. हा शिखराचा क्षण. इथून पुढे उतार, पण वर उभं असताना उतार दिसत नाही.

कारण तोपर्यंत खालून एक वेगळीच गोष्ट वर येत होती. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन काढली. जेवण नाही, लाउंज नाही, आणि काही सीट तर चक्क एक रुपयाला! लोकांनी आधी टिंगल केली. पण गोपीनाथ यांची स्पर्धा जेटशी नव्हतीच, रेल्वेच्या एसी डब्याशी होती. २००५ मध्ये स्पाइसजेट, किंगफिशर, गोएअर आल्या. ऑगस्ट २००६ मध्ये इंडिगो आली. इंडिगोने उडायच्या आधीच, २००५ मध्ये, एकाच प्रकारच्या १०० विमानांची ऑर्डर देऊन ठेवली होती.

'एकाच प्रकारची' या शब्दावर थांबा. सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. एका प्रॉडक्टमध्ये चार वेगवेगळ्या टेक्नॉलॉजी असतील तर चार टीम लागतात, आणि एक माणूस रजेवर गेला की दुसऱ्या टीममधला त्याचं काम करू शकत नाही. विमानाचंही तेच. एकाच प्रकारचं विमान असेल तर कोणताही पायलट कोणत्याही विमानावर बसतो, एकच सुटा भाग सगळ्यांना चालतो, मेकॅनिकचं प्रशिक्षण एकदाच. इंडिगोने पहिली दहा वर्षं हे व्रत पाळलं. जेटकडे छोट्या मार्गांना एटीआर, देशात बोईंग ७३७, परदेशात एअरबस ए३३० आणि बोईंग ७७७. प्रत्येकाचे पायलट वेगळे, स्टोअर वेगळं, डोकेदुखी वेगळी.

शिवाय धंद्याचं मूळ गणितच विचित्र आहे. उडालेल्या विमानातली रिकामी सीट परत कधीच विकता येत नाही. भोसरीतल्या वर्कशॉपवाल्याचा माल आज नाही गेला तर उद्या जातो, सीटचं तसं नाही. दरवाजा बंद झाला की माल नासला. त्यामुळे शेजारी कोणी दोन हजाराला विकायला लागला की तुम्हालाही भाव उतरवावाच लागतो, तुमचा खर्च तीन हजार असला तरी. आणि खर्च बराचसा डॉलरमध्ये. विमानाचं भाडं डॉलरमध्ये, मोठी दुरुस्ती डॉलरमध्ये, इंधनाचा भाव डॉलरवर बांधलेला, आणि त्या इंधनावर वर राज्याचा कर. मुंबई-पुण्यात हा कर २०२३ पर्यंत २५ टक्के होता, मग १८ वर आला. तिकीट मात्र रुपयांत.

अशा वेळी शहाणा माणूस हात आखडता घेतो. गोयल यांनी उलट केलं. जानेवारी २००६ मध्ये त्यांनी एअर सहारा विकत घ्यायची घोषणा केली, सुमारे २३०० कोटींना. जूनमध्ये तो सौदा फिसकटला, लवाद झाला, आणि एप्रिल २००७ मध्ये १४५० कोटींवर तडजोड होऊन सहारा जेटकडे आली. तिचं नाव ठेवलं जेटलाइट. म्हणजे स्वस्त कंपन्यांशी लढायला एक स्वस्त कंपनी, पण ती कशी? जुनी विमानं, जुने करार, जुना पगारपत्रक घेऊन आलेली. स्वस्त विमानसेवा ही तिकिटाच्या भावावरून ठरत नाही, खर्चाच्या रचनेवरून ठरते. ती रचना पहिल्या दिवसापासून बांधावी लागते, विकत घेता येत नाही. या एका खरेदीने जेटच्या गळ्यात जे ओझं पडलं ते शेवटपर्यंत उतरलं नाही, असं मला वाटतं.

त्याच वर्षी परदेशाची मोठी उडी. देशाबाहेर जायला खाजगी कंपन्यांना २००४ मध्ये परवानगी मिळाली होती आणि जेट कोलंबो, मग २००५ मध्ये लंडनला पोचली होती. आता २००७ मध्ये नवीकोरी ७७७ विमानं आली, त्यात पहिल्या वर्गाला सरकत्या दाराच्या खोल्याच. ब्रुसेल्सला तळ टाकून तिथून अमेरिका आणि कॅनडा. जून २००८ मध्ये शांघायमार्गे सॅन फ्रान्सिस्को. आणि जुलै २००८ मध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर! सप्टेंबरात लेहमन बुडाली. ज्या कंपन्यांच्या पैशाने जेटचे प्रवासी उडायचे, त्यांनी पहिली कात्री प्रवासखर्चाला लावली. जो मॅनेजर भाडं विचारत नव्हता त्याला आता मेल यायला लागली, "सर्वात स्वस्त तिकीट घ्या." सॅन फ्रान्सिस्कोचं विमान जानेवारी २००९ मध्ये बंद झालं, आणि काही मोठी विमानं दुसऱ्या देशांच्या कंपन्यांना भाड्याने द्यावी लागली.

आणि इथे येतो तो प्रसंग, ज्याच्यामुळे मला ही गोष्ट लिहावीशी वाटली.

ऑक्टोबर २००८. जेटने एका फटक्यात १९०० जणांना काढून टाकायचं ठरवलं. बरीचशी विशी-पंचविशीतली, नुकतीच लागलेली केबिन क्रूची पोरं-पोरी. ती युनिफॉर्ममध्येच रस्त्यावर आली. सगळ्या चॅनेलवर तेच चेहरे. मुंबईत ही मुलं राज ठाकरे यांच्याकडे गेली, आणि त्यांनी जाहीर केलं की यांना परत घेतलं नाही तर महाराष्ट्रातून जेटचं विमान उडू देणार नाही. केंद्रातले विमान वाहतूक मंत्री प्रफुल्ल पटेल, तेही महाराष्ट्रातलेच. दबाव सगळीकडून होता. १६ ऑक्टोबरच्या रात्री गोयल पत्रकारांसमोर आले, झालेल्या त्रासाबद्दल माफी मागितली आणि सगळ्यांना परत घेतलं. दोन दिवसांत १९०० नोकऱ्या गेल्या आणि परत आल्या.

तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं. साहजिक आहे. पण आकडे कोणी परत घेतले नव्हते. कंपनीचा खर्च तेवढाच राहिला, प्रवासी कमीच राहिले, कर्ज वाढत राहिलं. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २००९ मध्ये, संघटना काढल्यावरून दोन पायलटांना काढलं म्हणून पायलट एकदम 'आजारी' पडले आणि पाच दिवस शेकडो उड्डाणं रद्द झाली. स्वस्त जेटलाइट होतीच, त्यात २००९ मध्ये जेट कनेक्ट नावाची तिसरी सेवा आली. काउंटरवर उभ्या माणसाला कळेना की आपण नक्की कोणत्या जेटमध्ये बसतोय, जेवण मिळणार की विकत घ्यायचं. :) २०१२ मध्ये इंडिगोने पहिला नंबर घेतला. किंगफिशर त्याच ऑक्टोबरात जमिनीवर आली.

किंगफिशर पडली म्हणजे जेटला मोकळं रान मिळायला हवं होतं. मिळालंही थोडं. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने परदेशी विमान कंपन्यांना ४९ टक्क्यांपर्यंत हिस्सा घ्यायची मुभा दिली. १९९७ मध्ये जो दरवाजा बंद झाला होता तो पुन्हा उघडला. २०१३ मध्ये अबू धाबीच्या एतिहादने जेटचा २४ टक्के हिस्सा सुमारे २०५० कोटींना घेतला. त्याआधी हीथ्रोच्या उतरायच्या वेळा त्यांना ७ कोटी डॉलरला विकल्या होत्या, आणि पुढे नियमित प्रवाशांच्या पॉइंट योजनेतला निम्म्याहून जास्त हिस्साही विकला. घरातलं एकेक भांडं मोडीत काढावं तसं. पण ५१ टक्के गोयल यांच्याकडेच राहिले.

मग नशिबाने हात दिला. २०१४ नंतर तेल उतरत गेलं, २०१६ च्या सुरुवातीला पिंपाला तीस डॉलरच्या खाली गेलं, आणि जेटने दोन वर्षं नफासुद्धा दाखवला. पण तो नफा तेलाचा होता, कंपनीचा नव्हता. २०१८ मध्ये तेल पुन्हा ८५ डॉलरला टेकलं आणि डॉलर ७४ रुपयांवर गेला. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीला तिमाहीचे निकाल वेळेवर जाहीर करता आले नाहीत. नंतर जाहीर झाला तो १३२३ कोटींचा तोटा. पगार आधी उशिरा, मग तुकड्यांत यायला लागले.

इथे या धंद्याची अजून एक खोच समजून घ्यायला हवी. आपल्याकडच्या छोट्या सप्लायरला माल दिल्यावर साठ-नव्वद दिवसांनी पैसे मिळतात. विमान कंपनीला उलट, सेवा द्यायच्या साठ-नव्वद दिवस आधी मिळतात, कारण तिकीट आधी काढलेलं असतं. वाढत्या धंद्यात हे वरदान. भिशीसारखं पुढच्याचे पैसे मागच्याला वापरत राहायचं. पण एकदा का लोकांच्या मनात शंका आली की तिकीट आगाऊ काढणं थांबतं, आणि भिशी फुटते. मग इंधनवाला उधारी बंद करतो, विमानाचा मालक विमान काढून घेतो, विमानं कमी झाल्यावर उड्डाणं रद्द होतात, आणि शंका आणखी वाढते. १२० च्या आसपास विमानांची कंपनी काही महिन्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या विमानांवर आली.

नोव्हेंबर २०१८ मध्ये टाटांशी बोलणी झाली, पण ती प्राथमिक आहेत आणि कोणताही प्रस्ताव दिलेला नाही असं टाटा सन्सने जाहीर केलं. १ जानेवारी २०१९ ला बातमी आली की स्टेट बँकेच्या पुढाकाराखालच्या बँकांचा हप्ता चुकला. २५ मार्चला गोयल आणि त्यांच्या पत्नी अनिता संचालक मंडळातून पायउतार झाले, बँका १५०० कोटी देणार असं ठरलं. ते पैसे आले नाहीत. शेवटी निदान ४०० कोटी तातडीने द्या अशी मागणी होती, तीही मान्य झाली नाही. बँकांचं साडेआठ हजार कोटींच्या आसपासचं कर्ज आधीच अडकलेलं होतं. १७ एप्रिलला सगळं थांबलं.

आता २००८ आणि २०१९ शेजारी ठेवून बघा. २००८ मध्ये १९०० जणांसाठी अख्खा महाराष्ट्र पेटला आणि दोन दिवसांत न्याय मिळाला. २०१९ मध्ये त्याच्या दहापट माणसं रस्त्यावर आली, दिल्लीत जंतरमंतरवर बसली, मुंबईत मोर्चे काढले, आणि काही झालं नाही. लोकांची सहानुभूती कमी झाली होती का? मुळीच नाही. पण २००८ मध्ये माफी मागायला मालक होता आणि परत घ्यायला कंपनी होती. २०१९ मध्ये कोणाच्या दारात बसायचं? नेता विमान अडवण्याची धमकी देऊ शकतो, बंद पडलेलं विमान उडवण्याची नाही.

पुढचं सगळं न्यायालयात. जून २०१९ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. जालान-कॅलरॉक नावाच्या गटाची योजना २०२० मध्ये बँकांनी आणि २०२१ मध्ये न्यायाधिकरणाने मंजूर केली, २०२२ मध्ये उड्डाणाचा परवानाही परत मिळाला, पण विमान काही उडालं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने सांगितलं की कर्मचाऱ्यांचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्या, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. आदेश हातात, पैसे नाहीत. ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढायचा, म्हणजे आहे ते विकून देणी भागवायचा, आदेश दिला. गोयल यांना बँकेच्या कर्जाच्या प्रकरणात सप्टेंबर २०२३ मध्ये अटक झाली, २०२४ मध्ये जामीन मिळाला. त्या आरोपांचा निवाडा न्यायालय करेल, आपण नको करायला.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. ब्राझीलची वारिग ही १९२७ मध्ये सुरू झालेली दक्षिण अमेरिकेतली नामांकित कंपनी. तिथे तर मालकी कर्मचाऱ्यांच्या प्रतिष्ठानाकडे होती, म्हणजे जेटच्या बरोबर उलट. तीही २००५ मध्ये न्यायालयाच्या संरक्षणाखाली गेली आणि २००६ मध्ये विकली गेली. कर्मचाऱ्यांचा पेन्शन फंडसुद्धा तिच्यासोबत अडचणीत आला, आणि म्हातारे पायलट, हवाई सुंदऱ्या आपल्या पेन्शनसाठी वर्षानुवर्षं भांडत राहिले. मालक एक असो की हजार, कंपनी जड झाली आणि वेळेत काही सोडता आलं नाही की शेवट सारखाच.

'सोडणं' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. आपल्या आकुर्डीचंच उदाहरण घ्या. बजाज म्हणजे स्कूटर, हे समीकरण होतं. १९९९ मध्ये त्यांनी चाकणला कारखाना काढला, २००१ मध्ये पल्सर आणली. २००७ मध्ये आकुर्डीला गाड्या बनवणं थांबवलं, आणि २००९ मध्ये राजीव बजाज यांनी स्कूटर बनवणंच सोडायचं जाहीर केलं. राहुल बजाज यांना हे पटलं नव्हतं, त्यांनी तसं उघड बोलूनही दाखवलं. आकुर्डीतल्या कामगारांसाठी ते सोपं नव्हतंच. पण कंपनी जगली, वाढली, आणि २०१९ मध्ये, म्हणजे जेट बंद पडली त्याच वर्षी, चेतक विजेवर चालणारी होऊन परत आली. वडिलांची स्कूटर सोडता आली म्हणून कंपनी राहिली. जेटला सहारा सोडता आली नाही, चार प्रकारची विमानं सोडता आली नाहीत, आणि मालकाला मालकी सोडता आली नाही. २०१३ किंवा २०१६ मध्ये सोडली असती तर विकत घ्यायला माणसं होती आणि विकायला कंपनी होती. मार्च २०१९ मध्ये सोडली तेव्हा फक्त देणी उरली होती.

आपल्यासारख्या पगारदारांनी यातून काय घ्यायचं? मालक शहाणा आहे की नाही हे आपल्या हातात नाही. पण काही गोष्टी दिसत असतात. पगाराची तारीख पुढे सरकते का, पगार दोन तुकड्यांत येतो का, पीएफ खात्यात दर महिन्याला खरंच भरला जातो का, टीडीएस जमा होतो का. हे सगळं फोनवर पाच मिनिटांत तपासता येतं, आणि आपल्यातले बहुतेक जण वर्षानुवर्षं तपासत नाहीत. जेटमध्ये ऑगस्ट २०१८ पासून एप्रिल २०१९ पर्यंत आठ महिने होते. अनेक जण थांबले, कारण त्यांचं कंपनीवर प्रेम होतं. उशिरा पगार घेऊनही त्यांनी विमानं उडवली, प्रवाशांना हसून नमस्कार केला. त्या प्रेमात काही चूक नाही. पण बँक आपलं कर्ज मोजत होती, विमानांचे मालक आपलं भाडं मोजत होते, आणि सगळ्यात शेवटी ज्यांचे पैसे अडकले ते मोजत नव्हते.

लोहगावला जेटच्या वेळा आता दुसऱ्या कंपन्यांकडे आहेत, त्याच सीटवर तोच परचेस मॅनेजर बसतो. तिची बरीचशी माणसंही दुसऱ्या कंपन्यांत लागली, काहींची विमानंसुद्धा नवा रंग लावून उडाली. असो. या महिन्याचा पीएफ जमा झाला का ते तेवढं बघून घ्या.